झेनचा ब्रेक: कधी लागतो, कधी नाही

गाडी: मारुती झेन, १९९८चं मॉडेल, ९९३ सीसी. बाबांनी नवी घेतलेली, गेली अकरा वर्षं माझ्याकडे. पुढे डिस्क, मागे ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर आहे, एबीएस नाही. मीटर १ लाख ४२ हजार दाखवतो, पण मधे दोन वर्षं केबल तुटलेली होती, त्यामुळे खरा आकडा देव जाणे.

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

भोरहून परत येताना, कापूरहोळच्या अलीकडे एका गावातला गतिरोधक. वेग चाळीसच्या आसपास. ब्रेकवर पाय ठेवला तर पेडल गेलं ते गेलंच, जवळजवळ खाली टेकलं. पाय उचलून पुन्हा मारला तर अर्ध्यावर, दगडासारखं घट्ट. गाडी गतिरोधकावरून आपटत गेली आणि पलीकडे थांबली. बाबा शेजारी होते. डॅशबोर्ड धरलेला हात त्यांनी सावकाश काढला आणि "तेल बघ" एवढंच म्हणाले.

बाजूला घेऊन ब्रेकचं तेल बघितलं. रेषेच्या किंचित खाली, पण धोक्याच्या खुणेच्या बरंच वर. चारही चाकांच्या आतून हात फिरवला, ओल कुठेच नाही. तिथून घरापर्यंत पन्नासएक वेळा ब्रेक मारला असेल, प्रत्येक वेळी चांगला लागला. नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार मात्र तिसऱ्या गिअरमध्ये, हँडब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून उतरलो. त्या उतारावर मालट्रकचे ब्रेक जातात ते पेपरात वाचत असतोच.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी दारातच तपासणी.

बूस्टर: इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा मारलं, कडक झाल्यावर दाबून धरलं आणि स्टार्टर मारला. पेडल बोटभर खाली आलं. म्हणजे बूस्टर व्हॅक्यूम घेतोय. तसाही बूस्टर गेला तर पेडल कडक होतं आणि पायाला जोर लागतो. माझी तक्रार उलटी आहे.

मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर तेलाला दाब देणारा पंप): इंजिन चालू ठेवून पेडल हलकं दाबून दीड मिनिट धरलं. आतले कप झिजले असतील तर तेल आतल्या आत मागे सरकतं आणि पेडल पायाखाली हळूहळू बसत जातं. जोरात दाबलं की कप फुगून सील धरतात, म्हणून ही चाचणी हलक्या पायानेच करायची. पेडल बसलं नाही. पुन्हा केली, तरी नाही.

बूस्टर आणि मास्टरच्या सांध्याखाली कागद धरला, कोरडा.

म्हणजे काहीच सापडलं नाही. गाडी वापरायची नाही असं ठरलं. (हे मी ठरवलं. ही म्हणाली, "ठरवायचं काय त्यात?")

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि ब्रेक ऑइल बदलायला घेतलं. बोटाला शाई, बाकी हाताला ग्रीस.

तेल चार वर्षांपूर्वीचं होतं. बाटलीतून काढताना फिकट मधासारखं असतं, डब्यातून निघालं ते कोऱ्या चहासारखं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी मुरलं की त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट ३चा मानकानुसार किमान उकळबिंदू कोरडं असताना २०५ अंश, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर १४०. डॉट ४चे आकडे २३० आणि १५५. घाट उतरताना कॅलिपर (डिस्कवर दोन्ही बाजूंनी पॅड आवळणारा भाग) तापला, तेल उकळलं, की पाइपात वाफ होते. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. पेडल पोकळ.

मला हे कारण पटत नव्हतं, कारण शनिवारी ब्रेक तापलेलेच नव्हते. पण एवढं काळं तेल बघून गप्प बसवेना. डॉट ४ भरलं. बाबा पेडलवर, मी चाकाखाली. "दाबा... धरा... सोडा." चार चाकं, सव्वा तास. मागच्या डाव्या चाकाचं, तेल आणि हवा काढायचं निप्पल सुटताना मोडायच्या बेतात आलं होतं. आदल्या रात्री गंजावर तेल सोडून ठेवलं होतं म्हणून वाचलं. पुढच्या मडगार्डवर दोन थेंब सांडले ते लगेच पाण्याने धुतले, ब्रेक ऑइल रंग खातं. हवेचा एकही बुडबुडा निघाला नाही हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

आठवडाभर आसपास जपून चालवली, काही नाही. आज पुन्हा झालं. उजवीकडे लांब वळत जाणारा रॅम्प, पुढे पाइपलाइनसाठी खणून बुजवलेला खडबडीत रस्ता, मग सिग्नल. पहिलं पेडल खोल, दुसरं ठीक. या वेळी वेग कमी होता आणि माझा पाय तयार होता. पुढच्या रिक्षाला वीतभर अंतर राहिलं.

तेलाचा काही संबंध नाही हे नक्की झालं.

३० नोव्हेंबर, शनिवार

गॅरेजला नेली. मिस्त्री जुने आहेत, हात चांगला आहे. त्यांनी आवारात तीन चकरा मारल्या, दहा-बारा ब्रेक मारले आणि म्हणाले, "ब्रेक एकदम मस्त आहे साहेब. तरी पेडल खाली जातंय म्हणता तर मास्टर गेला असणार. किट टाकून बघू नका, सरळ नवा घ्या."

किट म्हणजे फक्त आतले रबरी कप. जुन्या बोअरमध्ये नवे कप टाकले तर बरेचदा सहा महिन्यांत पुन्हा तेच, हे त्यांचं म्हणणं बरोबर आहे. रविवारच्या चाचणीबद्दल सांगितलं. "कधी दाखवतो, कधी नाही दाखवत," असं उत्तर मिळालं. तेही खरंच आहे. नाना पेठेतून मास्टर सिलिंडर आणला, त्यांनी बाकावर त्यातली हवा काढून बसवला. जुना मी मागून घेतला.

रात्री तो खोलून बघितला. कपांच्या कडा धारदार, बोअर आरशासारखी, एक ओरखडा नाही. पैसे गेले ते गेलेच, पण निदान हा आता संशयितांच्या यादीतून बाहेर.

८ डिसेंबर, रविवार

नवा मास्टर बसवूनही पुन्हा झालं, एकूण तिसरी वेळ. सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला गेलो होतो, परतताना झालं.

आता एक गोष्ट स्वतःशी मान्य करायला हवी: मी पार्ट बदलतोय, बिघाड शोधत नाहीये. आज वहीत रकाने आखले. रस्ता, वेग, इंजिन गार की गरम, आधी वळणं होती का, कुठल्या बाजूची, खड्डे होते का, आणि शेवटचा ब्रेक त्याआधी किती वेळ मारला होता.

तीन वेळा घडलेलं आठवून भरलं. शेवटच्या रकान्यापाशी थांबलो. कापूरहोळ: त्याआधी बराच वेळ रस्ता मोकळा, ब्रेक नाही. रॅम्प: चढ आणि मग खडबडीत रस्ता, पहिल्याच गिअरवर हळू, ब्रेक नाही. आज: धरणाच्या कडेने निवांत चाललो होतो, ब्रेक नाही. तेल उकळल्यामुळे किंवा लायनर (ड्रमला आतून घासणारी पट्टी) तापल्यामुळे ब्रेक जातो तो भरपूर वापरल्यावर. माझा ब्रेक न वापरल्यावर जातो.

आणि तिन्ही वेळा आधी उजवी वळणं.

१४ डिसेंबर, शनिवार

पॅड आणि डिस्कमध्ये किंवा लायनर आणि ड्रममध्ये कुठेतरी जास्तीचं अंतर पडतंय, पहिला दाब ते भरून काढण्यात जातोय. पेडलच्या तीन तऱ्हा असतात असं मी आता धरतो. स्पंजासारखं दबलं तर हवा. पायाखाली सावकाश बसत गेलं तर मास्टर. खोल जाऊन तिथे घट्ट लागलं आणि दुसऱ्या दाबाला वर आलं, तर चाकापाशी अंतर. माझं तिसरं आहे. हे १६ तारखेलाच कळायला हवं होतं, "दगडासारखं" असं मीच लिहिलंय.

आधी मागचे ड्रम उघडले, कारण अंतर वाढायची नेहमीची जागा ती. धूळ फुंकून उडवायची नाही, पाणी मारून ओल्या फडक्याने टिपायची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. व्हील सिलिंडर कोरडे. लायनर निम्मे शिल्लक. पण दोन्हीकडचं ॲडजस्टर गंजून जाम. लायनर झिजेल तसं त्याने सरकत जाऊन अंतर भरायचं असतं, ते कित्येक महिने जागचं हललेलं नाही. साफ करून, सांध्यांना उष्णतेत टिकणारं ग्रीस लावून जोडलं.

पेडल चांगलं दोन बोटं वर आलं. बाबांनी बसून दाबून बघितलं. "नव्या गाडीसारखं झालं," म्हणाले.

१५ डिसेंबर, रविवार

नाही झालं. खडकवासल्याच्या रस्त्यावर तेच, फक्त सौम्य. पहिलं पेडल पूर्वीइतकं खोल गेलं नाही, तरी खोलच. म्हणजे ड्रममुळे पेडलची राखीव चाल आधीच खाल्ली जात होती, आणि वर दुसरं काहीतरी उरलेली चाल खात होतं. ॲडजस्टर नीट असते तर मला हा दुसरा प्रकार कदाचित जाणवलाही नसता.

२२ डिसेंबर, रविवार

आजची नोंद सविस्तर.

आठवडाभर एकच डोक्यात होतं. गॅरेजमध्ये दोष का दिसत नाही? गाडी रॅम्पवर चढवायची म्हणजे थांबवायची, थांबवायची म्हणजे ब्रेक मारायचा. ब्रेक मारला की पॅड डिस्कला येऊन टेकले, अंतर संपलं. मिस्त्री बघायला वाकतात तेव्हा पुरावा पुसला गेलेला असतो, आणि तो आम्हीच पुसलेला असतो. मीही दर वेळी दारात गाडी लावताना ब्रेक मारूनच लावतो.

तेव्हा ब्रेक न मारता थांबायचं.

सकाळी सात, पानशेत रस्ता, एकटाच. मागेपुढे कोणी नसताना दोन किलोमीटर वळणांतून पस्तीसने चालवली, पाय पेडलपासून लांब. सपाट पट्टा आला तसा दुसऱ्यावर, मग पहिल्यावर आणली आणि हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवून दांडा हळूहळू ओढला. हँडब्रेक फक्त मागच्या ड्रमवर चालतो, पुढच्या डिस्कला त्याने काही होत नाही. गाडी थांबली. मागच्या चाकांना दगड लावले, पुढचं डावं चाक जॅकवर घेऊन काढलं, फट मोजायच्या फिलर गेजच्या पात्या उघडल्या.

चांगल्या डिस्क ब्रेकमध्ये पॅड आणि डिस्कमध्ये जेमतेम केसाइतकी फट असते. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाची रबरी रिंग असते. दाब आला की ती थोडी वाकते, दाब सुटला की सरळ होते आणि पिस्टनला तेवढंच मागे घेते. मागे ओढणारी स्प्रिंग वगैरे नसते. म्हणून बाहेरून कोणी पॅडला धक्का देऊन आत ढकललं तर पिस्टन मागे जाऊन तिथेच राहतो, पुढचा ब्रेक मारेपर्यंत.

आतल्या बाजूला ०.१०ची पाती गेली. ०.२० गेली. ०.४० गेली. ०.५० अडली. बाहेरच्या बाजूला ०.४५ अलगद गेली. दोन्ही मिळून जवळजवळ ०.९ मिलिमीटर. चाक लावलं, उजवीकडचं काढलं. तिथे दोन्ही बाजू मिळून ०.१५.

मी रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून हे वहीत लिहीत असताना दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल थांबली.

"पंक्चर का?"

"नाही, ब्रेक बघतोय."

"मग हितवर आलात कसे?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी येऊन हिशेब केला. कॅलिपरच्या पिस्टनचं क्षेत्रफळ मास्टरच्या साधारण पाचपट. पिस्टन ०.९ मिमी पुढे यायला मास्टर साडेचार मिमी सरकायला हवा. पेडलची तरफ चारास एक. म्हणजे पायाखाली अठरा मिलिमीटर, जवळजवळ दोन सेंटिमीटर, नुसती फट भरण्यात. त्यात मागच्या ड्रमचं ढिलं ॲडजस्टर मिळवलं की १६ तारखेचं पेडल तयार.

आता डिस्क पॅडना ढकलतेय का? वाकडी असेल, किंवा डोलत असेल.

२५ डिसेंबर, बुधवार

नाताळची सुट्टी. पुढचं डावं चाक जॅकवर घेतलं, खाली स्टँड लावला. चाक वर आणि खाली धरून, घड्याळातल्या बारा आणि सहाला हात ठेवून, हलवलं. टक. अगदी बारीक, कानापेक्षा मनगटाला जास्त कळणारं. उजवं चाक गप्प.

हा प्ले, म्हणजे ढिलेपणा, बेअरिंगचा की चाकाला खालून धरणाऱ्या बॉल जॉइंटचा, ते ओळखायची सोपी रीत आहे. बाबांना आत बसवलं. "ब्रेक दाबून धरा." धरला. हलवलं, टक गायब. "सोडा." टक परत. ब्रेक दाबला की डिस्क आणि नकल (बेअरिंग ज्यात बसतं तो लोखंडी भाग) एकमेकांना जखडले जातात. बॉल जॉइंट ढिला असता तर टक तशीच राहिली असती. म्हणजे हबचं, चाक ज्यावर फिरतं ते बेअरिंग.

भोसरीत टर्नर असलेल्या मित्राचा डायल गेज आणला होता. नकलला पकडून टोक डिस्कच्या कडेवर टेकवलं. डिस्क नुसती फिरवली तर काटा जेमतेम हलला, ती सरळ आहे. वर-खाली हलवली तर काटा ०.७ मिमी गेला आणि आला. उजवं वळण आलं की गाडीचा भार डाव्या चाकावर येतो, हब कलतो, डिस्कची कड पॅडला ढकलते. वळण संपतं, डिस्क सरळ होते, पॅड मागेच राहतात. बेअरिंग अजून घूं करत नव्हतं, त्यामुळे कोणाला संशय यायचं कारण नव्हतं.

हबकॅप काढली, स्प्लिट पिन उपटली, ड्राइव्हशाफ्टच्या (इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) नटावर बॉक्स पाना बसवला. दोन्ही हातांनी लोंबकळायच्या तयारीत होतो. एका हाताने, साध्या दांड्याने, नट पाव फेरा आणखी कसला गेला.

तो नट तसा असता कामा नये. या नटाच्या ताणावरच बेअरिंगच्या आतल्या रिंगा एकमेकींना घट्ट बसलेल्या असतात. नट ढिला तर रिंगा मोकळ्या, गोळ्या आपटतात, आणि बेअरिंग पिन लावलेली असतानाही हळूहळू मरतं.

हा नट शेवटचा कोणी खोलला होता? आठवायची गरज पडली नाही. वही मागे उलटत गेलो. १२ मे २०२४, रविवार, माझंच अक्षर: "डाव्या ड्राइव्हशाफ्टचं बाहेरचं बूट (रबरी आवरण) फाटलेलं, बदललं. ग्रीस नवं. नट अंदाजाने कसला, माझा टॉर्क पाना ११०च्या पुढे जात नाही. मोठा पाना आणून पुन्हा बघणे."

काम झालं की मी नोंदीपुढे बरोबरची खूण करतो. त्या ओळीपुढे खूण नाही.

बाबांना वाचून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मिस्त्रींना मास्टरबद्दल काही बोलला नाहीस ना?" बोललो नव्हतो, बाहेर नाही. मनात बरंच बोललो होतो.

२८ डिसेंबर, शनिवार

नकल सोडवून त्याच मिस्त्रींकडे नेली, बेअरिंग हातोडीने बसवायचं नव्हतं, प्रेसवरच हवं होतं. जुनं निघालं तेव्हा रेसवर, म्हणजे गोळ्या फिरतात त्या रिंगेवर, तांबूस पट्टा आणि नखाला लागतील असे खड्डे. त्यांना सगळं सांगितलं, मेची नोंदही. ते हसले आणि म्हणाले, "पॅड मागं सरकतात हे ट्रकच्या वेळी बघितलंय. झेनला नव्हतं बघितलं." बेअरिंग, ऑइल सील आणि नवी स्प्लिट पिन त्यांच्याकडूनच घेतली. नट त्यांच्या मोठ्या टॉर्क पान्याने, गाडी चाकांवर उतरवून, मॅन्युअलमधल्या आकड्याला कसला. मी उभा राहून काटा बघितला. पुढे खूण केली.

५ जानेवारी २०२५, रविवार

तोच पानशेत रस्ता, तीच वळणं, तसंच हँडब्रेकवर थांबणं. डावीकडे दोन्ही बाजू मिळून ०.१५, उजवीकडे ०.१५. चाक बारा-सहाला हलवून टक नाही. दूधवाले आजही दिसले. हात केला आणि वेग न कमी करता गेले.

२ फेब्रुवारी, रविवार

भोरला जाऊन आलो. बाबा शेजारी. कापूरहोळजवळच्या त्या गतिरोधकावर पहिल्या दाबाला पेडल जिथे हवं तिथे. परतल्यावर नटाची पिन जागेवर आहे का बघितली, आहे. ब्रेक ऑइल रेषेवर, मागची ॲडजस्टर सरकतायत.

उजव्या ड्राइव्हशाफ्टच्या बुटाला भेग दिसतेय, ग्रीस अजून बाहेर आलेलं नाही. बूट आणून ठेवलंय. मोठा टॉर्क पाना शनिवारी भोसरीहून मिळेल, तोवर त्या नटाला हात लावायचा नाही.